ठमीचं केशरी नाक

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. बी विंगमधल्या एका ताईंनी मांजराचं पिल्लू आणलंय, ते टेबलावरच्या बुकेत तोंड खुपसून बसलंय. बुके लिलीचा. खाली बदामावर बदाम, 'कित्ती गोड', 'दृष्ट काढा हो'. मी लिहिलं, 'ताई, ती लिली आधी घराबाहेर काढा, मांजराला विष आहे ते.' पाच मिनिटांत एकाचं उत्तर: 'प्रत्येक गोष्टीत निगेटिव्हच का बघता?' त्यालाही तीन अंगठे.

म्हणून इथे लिहितेय. इथे निदान काळ्या कपड्यांवर मांजराचे केस घेऊन ऑफिसला जाणारी माणसं आहेत.

आमची मांजर ठमी आठवते ना? बाबा रिटायर झाले तेव्हा ऑफिसने हा एवढा बुके दिला होता, गुलाबी लिली आणि मधे मधे जरबेरा. रात्री आम्ही टीव्ही बघत होतो, ठमी ऐटीत चालत आली, तर नाकावर केशरी ठिपका आणि मिशांवर केशरी भुकटी. काय हसलो आम्ही! आई म्हणाली, 'हळदीकुंकवाला जाऊन आली वाटतं.' मी फोटो काढून इथेच टाकला, तुमच्यातल्या कितीतरी जणांचे हसरे चेहरे आहेत त्याच्याखाली. मग ती सोफ्याच्या हातावर बसली आणि पंजा ओला करून करून तिने ते नाक लख्ख पुसून काढलं. आम्ही कौतुकाने बघत होतो.

त्या रात्री दोनदा ओकली. केसांचा गोळा असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ओकणं थांबलं, आम्ही निर्धास्त. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या वाटीपाशी नुसती बसून होती, पाणी न पिता. तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेली. त्यांचा पहिलाच प्रश्न, 'घरात लिली आहे का?' मी म्हटलं, 'आहे की, अजून छान टवटवीत आहे.' हे माझं वाक्य मला रात्री-अपरात्री ऐकू येतं.

लिलीने मांजराची किडनी जाते. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणी, काहीही पुरतं. बुकेत येणाऱ्या एशियाटिक, ओरिएंटल आणि कुंडीतली डे लिली, तिन्ही तशाच. पहिल्या काही तासांत ओकारी, मग बरं वाटल्यासारखं होतं आणि एक ते तीन दिवसांत किडनी बंद पडते. पोटात गेल्यापासून साधारण १८ तासांच्या आत सलाइन सुरू झालं तर वाचायची चांगली आशा असते. आम्ही गेलो तिसऱ्या दिवशी. कुत्र्याने लिली खाल्ली तर फारतर पोट बिघडतं, म्हणून तर 'आमच्या टॉमीला काही नाही झालं' म्हणणारे भेटतात.

फुलवाले म्हणतात, पुंकेसर कापून देतो. द्या, सोफ्याला डाग पडणार नाही. पाकळ्यांचं काय?

आणि नर्सरीवाले! कुंडीवर लिहिलेलं असतं ऊन किती, पाणी किती. 'घरात मांजर असेल तर नेऊ नका' एवढं लिहायला काय जातं? मी एकदा सायकसबद्दल विचारलं, तर म्हणाला, 'काही होत नाही ताई, शोभेचं झाड आहे.' शोभेचंच आहे. त्याच्या बिया चावल्या की लिव्हर जातं, मांजराचं आणि कुत्र्याचंही. आमच्या गेटपाशी शोभेला दोन उभी आहेत. मीटिंगमध्ये मी विरोध केला, तो इतिवृत्तात 'इतर विषय' म्हणून आला.

हो, मान्य, सगळंच जीवघेणं नसतं. मनी प्लांट, डायफेनबेकिया, पीस लिली (ती नावापुरतीच लिली) चावली तर अळू खाजतो तसं तोंड खाजतं, लाळ गळते, मांजर रुसून बसतं. जीव सहसा जात नाही. आणि हेही मान्य की आजोळी परसात कण्हेर होती, बिट्टी होती, उकिरड्यावर धोतरा होता आणि मांजरं होती डझनभर. आम्ही स्वतः बिट्टीच्या बियांनी खेळलोय. पण त्या मांजरांना अख्खं गाव होतं हिंडायला. आणि त्यातली एखादी नाहीशी झाली तर कशाने, हे कोण बघत होतं? चौथ्या मजल्यावर ग्रिलमागे कोंडलेल्या मांजराला दिवसभर करायला काय असतं? जे हिरवं दिसेल ते चावणार.

'प्राण्यांना उपजत कळतं' हे वाक्य आता कुणी माझ्यासमोर बोलू नका. ठमीला नाही कळलं. ती फक्त स्वच्छ होत होती.

चिडून लिहायला बसले होते, आता तेवढी चिडले नाहीये. त्या 'निगेटिव्ह'वाल्या काकांवर तरी काय चिडणार? आम्ही चौघं शिकलेली माणसं, तिचं केशरी नाक बघून हसलोच ना. त्या फोटोखाली कुणी 'लिली काढा' असं लिहिलं असतं, तर मीही बहुतेक अंगठा दाखवून पुढे गेले असते.

आता बाल्कनीत जास्वंद, गुलाब, तुळस आणि आइस्क्रीमच्या डब्यात गहू पेरलाय. नवा बोका तो गहू गुरासारखा चरतो आणि मग गालिच्यावरच ओकतो. ओकू दे.

बी विंगच्या ताई, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचलीच तर: बुके नुसता गॅलरीत ठेवू नका, घराबाहेरच काढा. फुलदाणीतलं पाणी ओतून ती धुऊन ठेवा, टेबल पुसा. पिल्लाच्या नाकावर, पंजावर केशरी काही दिसलं तर त्याला चाटू न देता ओल्या फडक्याने पुसा, आणि ओकण्याची वाट न बघता आत्ताच डॉक्टरांकडे न्या. रिक्षा मिळत नसेल तर माझी गाडी खालीच आहे. रात्री दोन वाजता बेल मारलीत तरी चालेल.