घडीच्या कॅमेऱ्याबद्दल चोपड्याच्या ताईंनी लिहिलेल्या अभिप्रायाला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय आला त्याला आज चार दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तुम्ही लिहिलेली एकेक गोष्ट जळगावच्या आमच्या कारखान्यात स्वतः करून बघितल्याशिवाय मला बोलायचं नव्हतं.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमचा कॅमेरा मिटतो, उघडतो, आणि एकदा बटण दाबलं की तोच क्षण इन्स्टॅक्स मिनी या फुजीच्या, जागेवरच चित्र उमटणाऱ्या फिल्मवरही घेतो आणि मेमरी कार्डावरही. ताईंनी तो धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी घेतला. त्यांचं म्हणणं असं: सहा फिल्म वापरल्या, त्यातल्या तीनवर कडेला पांढरा पट्टा आला. मेंदीच्या हातांचा फोटो स्क्रीनवर बरोबर दिसला, पण फिल्मवर बोटांची टोकं कापली गेली. हळदीचे फोटो पिवळट आले. मिटवूनही कॅमेरा खिशात मावत नाही. आणि शेवटी त्यांनी विचारलंय, की डिजिटल फोटो घेऊन तोच फिल्मवर छापणारे कॅमेरे बाजारात असताना हा खटाटोप कशाला? दोन तारे दिलेत.

पांढऱ्या पट्ट्याची चूक पूर्णपणे माझी आहे. भिंग आणि फिल्म यांच्यात आमच्या कॅमेऱ्यात साठ मिलिमीटरची अंधारी, रिकामी जागा लागते. घडी होते ती त्या रिकाम्या जागेची, आणि तिच्याभोवती काळ्या कापडाचा भाता असतो, लोहाराच्या भात्यासारखाच चुण्यांचा. तुमचा अभिप्राय वाचल्यावर तुमच्याच लॉटमधले तीन कॅमेरे काढले. रात्री खोली पूर्ण अंधारी केली, भात्याच्या आत छोटा एलईडी दिवा ठेवला आणि भाता हळूहळू उघडला. दोन कॅमेऱ्यांत काहीच दिसलं नाही. तिसऱ्यात, पुढून तिसऱ्या चुणीच्या डाव्या कोपऱ्यात, सुईच्या टोकाएवढा प्रकाश दिसला. बोट लावलं तर तिथलं कापड अस्तरापासून सुटलेलं होतं. इन्स्टॅक्सवर निगेटिव्ह न बनता थेट पॉझिटिव्ह चित्र येतं, म्हणजे जिथे प्रकाश पडेल तिथे उजळ, त्यामुळे चोरून आत शिरलेला प्रकाश पांढरा होऊन उमटतो. तुमच्या फोटोंवरचा पट्टा तोच.

या लॉटला भात्याचा गोंद मी बदलला होता. जुना गोंद वाळला की कडक व्हायचा आणि घडी करताना कुरकुरायचा, म्हणून मऊ राहणारा घेतला. त्याची चाचणी केली जानेवारीत. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत हा गोंद किती मऊ पडेल, हे मी तपासलंच नाही. जन्म खान्देशात गेला, भुसावळचा उन्हाळा दरवर्षी अंगावर घेतो, तरी हे सुचलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. या लॉटचे सगळे कॅमेरे परत मागवतोय. ज्यांनी ज्यांनी घेतलेत त्यांना आजपासून फोन जातील आणि भाता जुन्या गोंदाने, कोपऱ्यांवर जादा पट्टी लावून, फुकट बदलून मिळेल.

आता मेंदीच्या हातांबद्दल. इथे कॅमेरा बिघडलेला नाही. पण जे मी आधी सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही, म्हणून तुमचा राग रास्त आहे. आमच्या कॅमेऱ्याला दोन भिंगं आहेत. वरचं छोटं डिजिटलचं, खालचं फिल्मचं, मध्ये ३४ मिलिमीटरचं अंतर. स्क्रीनवर दिसतं ते वरच्या भिंगातून. तीन मीटरवर उभ्या माणसांचा फोटो घेता तेव्हा आडव्या चौकटीची उंची सव्वादोन मीटरच्या आसपास असते, तिथे ३४ मिलिमीटरचा फरक कळतसुद्धा नाही. पण अर्ध्या मीटरवर तीच चौकट जेमतेम ३४ सेंटीमीटर उरते. म्हणजे फिल्म एक दशांश खालचं बघते आणि वरचं तेवढंच कापलं जातं. तुमच्या बहिणीची बोटं नेमकी तिथे होती.

मग एकच भिंग का नाही लावलं? दीड वर्ष त्याच मागे होतो. मिनी फिल्मचं चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटर, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ७७. डिजिटल फोटो टिपायला आम्ही वापरतो तो एक इंची सेन्सर नावालाच एक इंच, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, कर्ण सोळाच्या आत. फिल्मचं भिंग सेन्सरपुढे धरलं तर चित्राचा फक्त मधला तुकडा मिळतो, लग्नातल्या दहा माणसांतला एकटा नवरदेव. ते चित्र लहान करायला आणखी भिंगं लागतात, आणि ती बसवली की घडी होत नाही. अर्धपारदर्शक काच लावून प्रकाश वाटून द्यायचा म्हटला, तर फिल्मच्या वाट्याचा निम्मा प्रकाश जातो, तिची प्रकाश टिपायची क्षमता ठरलेली, आयएसओ ८००, आणि मांडवात संध्याकाळी काही येत नाही. १९७२ साली आलेला, पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांचा एसएक्स-७० हा कॅमेरा आरशासह सपाट मिटायचा, त्याचा एक नमुना मी पूर्ण खोलून पाहिलाय. तिथे आरसा लागतोच, कारण पोलरॉइडची फिल्म ज्या बाजूने प्रकाश घेते त्याच बाजूने आपण फोटो बघतो आणि आरशाशिवाय डावं-उजवं उलटं होतं. इन्स्टॅक्स पाठीमागून प्रकाश घेते, समोरून बघायची. म्हणून आम्हाला आरसा लागत नाही, सरळ भाता चालतो आणि तो एका हाताने मिटतो. या सगळ्याचा विचार करून दोन भिंगं ठेवली. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

पण स्क्रीनवर फिल्मची खरी चौकट दाखवायला हवी होती. आता एक मीटरच्या आत फोकस गेला की स्क्रीनवर पिवळी रेघ येईल आणि तिच्या वरचं फिल्मवर येणार नाही हे आधीच कळेल. तुमचा कॅमेरा दुरुस्तीला आला की हे त्यात टाकूनच परत पाठवीन.

रंगांबद्दल: ही फिल्म ५ ते ४० अंश तापमानात वापरावी अशी फुजीची सूचना आहे. हळदीच्या दुपारी पारा त्रेचाळीसच्या पुढे होता असं तुम्हीच लिहिलंय. फिल्म बाहेर येताना दोन रोलरमध्ये दाबली जाते, तिच्या कडेची रसायनाची पुडी फुटते, रसायन पसरतं आणि पुढचा दीड-एक मिनिट तेच काम करत असतं. गरमीत ते भराभर चालतं आणि रंगांचा तोल जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात फिल्मचं पाकीट गाडीत ठेवू नका, आणि निघालेला फोटो लगेच सावलीत, पर्समध्ये वगैरे ठेवा. हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं, आता डब्यावर ठळक छापतोय. खिशाचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. जाहिरातीतला तो शब्द काढला, पर्समध्ये मावतो एवढंच खरं आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं मात्र मनापासून उत्तर द्यायचंय. डिजिटल फोटो घेऊन फिल्मवर छापणारा कॅमेरा फुजीने २०१७ साली एसक्यू१० या नावाने आणला, आणि ते यंत्र चांगलं आहे. मलाही तसं करता आलं असतं, सोपं आणि स्वस्त पडलं असतं. पण त्यात फिल्मवर प्रकाश पडतो तो कॅमेऱ्याच्या पोटातल्या दिव्यांचा. आमच्या फिल्मवर तुमच्या बहिणीच्या कपाळावरून आलेला प्रकाश पडलेला असतो, त्याच क्षणी, एकदाच. गेल्या श्रावणात अमळनेरजवळ एका घरी आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीसमोर बसलेल्या आजींचा फोटो काढून हातात दिला. त्यांनी तो पदराखाली धरला, चित्र उमटताना डोकावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हाऊ फोटू खरा शे." म्हणजे, हा फोटो खरा आहे. पुढे त्यांच्या नातवाने मोबाइलवर डिजिटल प्रत मागून घेतली. एकाच घरात दोन्ही हवं होतं. त्या दोघांसाठी हा कॅमेरा आहे, आणि तो मी बदलणार नाही.

लग्नाचे ते तीन फोटो मी परत आणून देऊ शकत नाही, त्याची मनापासून माफी मागतो. पैसे परत हवे असतील तर पूर्ण देईन. दुरुस्त करून हवा असेल तर आठ दिवसांत घरपोच येईल, सोबत फिल्मची पाच पाकिटं. वॉरंटी कार्डावरच्या नंबरला फोन करा, माणूस चोपड्याला येऊन घेऊन जाईल. तोवर दोन गोष्टी कराल का? मेमरी कार्ड काढून घरीच ठेवा, त्यात लग्नाचे सगळे फोटो आहेत. आणि मागचं झाकण उघडू नका. आत चार फिल्म शिल्लक आहेत, तुमच्या भात्यातून प्रकाश नेमका कुठून येतो ते मला त्यांच्यावर बघायचंय.