‘पॅनल घ्या, टीव्ही विका’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

ठाणे-कळव्याच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘१५ हजारांत आयपीटीव्ही पॅनल. सगळे चॅनल, सगळे ओटीटी, ग्राहकाला महिना १५० रुपये. नेटवरून जातं, लायसन्स लागत नाही. २०० ग्राहक, घरबसल्या ३० हजार.’ आयपीटीव्ही म्हणजे नेटच्या तंत्राने येणारा टीव्ही, आणि पॅनल म्हणजे ग्राहकांना त्याचे लॉगिन काढून विकायचं ऑनलाइन खातं. मी कळव्यात केबल आणि नेटची लाईन चालवतो. ओळखीच्या एका पोराने यात पैसे घातले, म्हणून लिहितोय.

लायसन्स लागत नाही हे साफ खोटं. माहिती व प्रसारण मंत्रालयाने २००८ सालीच आयपीटीव्हीचे नियम काढले. परवानाधारक टेलिकॉम किंवा इंटरनेट कंपनी, नाहीतर नोंदणीकृत केबल ऑपरेटर, यांनाच ही सेवा देता येते. वाहिनीशी करार नसताना सिग्नल विकला तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ आहे: ६ महिने ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. पॅनलवाल्याचा पत्ता कुणालाच ठाऊक नसतो. बिल्डिंगमध्ये बॉक्स लावणारा तुम्हीच, पैसे तुमच्याच यूपीआयवर.

‘क्लिअर चालतं’ म्हणे. मॅचच्या रात्री तो पोरगा ग्राहकाचा बॉक्स बगलेत मारून दुकानात आला. “दादा, तुमच्या लाईनला प्रॉब्लेम आहे का?” मी बॉक्स जोडला. यूट्यूब झरझर चालू, मॅचवर मात्र चक्री फिरतेय. त्याचा फोन टेबलावर सारखा थरथरत होता, सगळे ग्राहकच. खऱ्या आयपीटीव्हीत कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कवर चॅनलचा एकच प्रवाह येतो आणि घराजवळच्या स्विचपासून वाटला जातो. पॅनलवाल्याचा सर्व्हर प्रत्येक घराला वेगळा प्रवाह पाठवतो. गर्दी झाली की तो बसतो. माझी लाईन काय करणार?

३० हजारांतून क्रेडिटचे, म्हणजे ग्राहकांचे लॉगिन चालू ठेवायला पॅनलवाल्याला द्यायचे पैसे आणि परत केलेले रिचार्ज वजा करा, उरलेलं सांगा.

या धंद्यात पैसा आहे, पण तो फायबर ओढण्यात, पावसात तुटलेली लाईन रात्रीत जोडण्यात, दारोदार वसुलीत. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१७ च्या नियमांनुसार मोठ्या केबल कंपनीशी वाटणीवर एकमत झालं नाही, तरी ग्राहक भरतो त्या केबलच्या नेटवर्क शुल्कातले ४५ टक्के स्थानिक ऑपरेटरचे असतात. रीतसर परवाना असलेल्या कंपनीची फ्रँचायझी घेऊन नेट आणि टीव्ही एकत्रही देता येतं.

त्या पोराचे पैसे बुडाले. आता तो माझ्याकडे स्प्लायसिंग, म्हणजे फायबर जोडायचं काम, शिकतोय. परवा खारेगावच्या एका सोसायटीत पहिला जोड त्याने एकट्याने मारला.