बेसिलचं माहेर

आमच्या लेकीने कुठेतरी पास्त्याबरोबर पेस्टो नावाची, बेसिलच्या पानांची हिरवी चटणी खाल्ली आणि घरी येऊन जाहीर केलं, आपल्याकडे बेसिल हवंच. मॉलमधून डबीभर काड्या आणल्या, फ्रिजमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पानं काळी ठिक्कर! बेसिलला गारठा सोसत नाही, हे ज्ञान पैसे मोजून मिळालं. म्हटलं, बीच पेरू. गॅलरीत मेथी उगवते, कोथिंबीर उगवते, मग यालाच काय धाड भरली आहे?

पाकिटावर जेनोव्हीज असं भारदस्त नाव होतं आणि किंमतही नावाला शोभेल अशी. आत चिमूटभर काळे दाणे, मोहरीहून बारीक. पहिली चूक माझी नव्हे, संस्कारांची. मटकी असो की वाल, आमच्याकडे भिजत घातल्याशिवाय कशाला मोड येत नाहीत. तेव्हा रात्री बी वाटीत भिजत घातलं. सकाळी पाहतो तर वाटीत बेडकाची अंडी! प्रत्येक दाण्याने राखाडी, बुळबुळीत झगा घातलेला. एक उचलायला जावं तर सात येतात, चिमटीत धरावं तर निसटतात, आणि बोटाला एकदा चिकटले की मातीत उतरायला तयार नाहीत. चमचा झाला, टूथपिक झाली, शेवटी बायकोचा भुवयांचा चिमटा घेतला. (तो नंतर नवा आणावा लागला.) अर्ध्या तासात नऊ दाणे पेरले, त्यातले चार बहुधा माझ्या कोपरावर.

मागे आई येऊन उभी होती.

"फालुदा करतोयस?"

"बेसिल आहे ते, आई. इटलीचं."

"सब्जा आहे तो. डब्यात पुडी पडली आहे, मला विचारायचंस."

दुर्दैवाने तिचं खरं होतं. सब्जा म्हणजे बेसिलचंच बी.

दुसऱ्या खेपेला कोरडंच पेरलं, पण मायेने वर दोन बोटं माती लोटली. एवढ्याशा बियांना एवढं पांघरूण झेपत नाही. पंधरा दिवस मी नुसत्या मातीला पाणी घालत होतो. तिसऱ्यांदा बी वरच भुरभुरलं, कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, चिमूट टाकली, आणि सहाव्या दिवशी करंजीच्या आकाराची इवली इवली जोडपानं वर आली. मी सोसायटीभर फोटो पाठवले. मग श्रावणाची झड लागली. रोपं बुडाशी दोऱ्यासारखी बारीक झाली आणि एकेक करून आडवी पडली. ओल फार झाली की बुरशी मुळाशी गळा धरते. पाकीट संपलं.

गणपती गेल्यावर निमूटपणे सब्जाची पुडी मागून घेतली. ते बी असं तरारून उगवलं की दीडशे रुपयांच्या जेनोव्हीजने शरमेने मान खाली घालावी. वास मात्र थोडा लवंगेकडे झुकणारा.

आता ऊन हवं, दिवसाला निदान सहा तास. आमच्या गॅलरीत एवढं ऊन एकाच कोपऱ्यात येतं आणि तिथे आईचं तुळशीवृंदावन. त्यातली तुळस पावसात गेलेली, नुसत्या काड्या उभ्या. पण जागा मागायची कशी? मी वकिली केली. म्हटलं, आई, ही तुळशीची सख्खी बहीण आहे. दोघी एकाच कुळातल्या. इटलीची म्हणतात खरी, पण माहेर इकडचंच, उष्ण प्रदेशातलं. आईने पान चुरडून वास घेतला आणि म्हणाली, "हो रे, तुळसच की! ठेव इथे."

खटला जिंकलो त्या दिवशी आणि तिथेच बुडालो.

बेसिलचा शेंडा खुडावा लागतो, तेव्हा कुठे फांद्या फुटून झुडूप भरतं. मी रविवारी कात्री घेऊन गेलो. "रविवारी तुळस तोडत नाहीत." सोमवारी कामावरून आल्यावर गेलो. "दिवेलागणीला हात लावू नकोस." सकाळी सात वाजून दहाला माझी लोकल, शनिवारी सुट्टी नाही. मधे मंजिऱ्या आल्या. मंजिऱ्या आल्या की पान कडवट होतं, त्या आधी खुडायला हव्यात. पण आई त्यांच्याकडे नातवंडं आल्यासारखी पाहत होती.

शेवटी कार्तिकात एक दिवस रजा टाकली. आदल्या रात्री चीज आणलं. पेस्टोत चिलगोजे घालतात, त्यांचा भाव ऐकून मी काजूवर आलो होतो. सकाळी लवकर उठून कात्री घेऊन गॅलरीत गेलो तर वृंदावनाला गेरू लावलेला, ग्रिलला ऊस बांधलेला, बुंध्याशी चिंचा-आवळे, आणि माझ्या बेसिलच्या कपाळावर मुंडावळ्या.

"आज बारस," आई म्हणाली. "लग्न आहे तिचं."

"आई, ती बेसिल आहे!"

"सख्खी बहीण ना? तूच सांगितलंस."

संध्याकाळी मंगलाष्टकं म्हणायला मलाच उभं केलं. अंतरपाटाचं एक टोक लेकीच्या हातात. अक्षता टाकता टाकता तिने कानात विचारलं, "बाबा, मुलीकडचे आपणच ना? मग चारच पानं..."

आईने डोळे वटारले.

पास्ता उकडून तयार होता. लसणीच्या चटणीबरोबर बरा लागतो.