जुने फोटो नीट हरवावेत कसे

तुमच्या संस्थेकडे जुन्या फोटोंचे पेटारे आहेत. अनुदान आलंय, स्कॅनर आलाय, कंत्राटदार नेमलाय, संकेतस्थळाच्या उद्घाटनाला मंत्रिमहोदयांनी तारीखही दिली आहे. अभिनंदन. आता धोका एकच उरतो. उद्या कुणीतरी येईल, शोध घेईल आणि त्याला हवा तो फोटो चक्क सापडेल. ही नामुष्की टाळायची तर वर्गवारी विचारपूर्वक करावी लागते. त्याबद्दल चार युक्तीच्या गोष्टी सांगतो. मी या विषयातला तज्ज्ञ वगैरे नाही. पण सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या एका भल्यामोठ्या ऑनलाइन संग्रहात नुकताच पुण्याच्या मंडईचा जुना फोटो शोधत बसलो होतो, त्यात चांगलं शिक्षण झालं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, वर्ग ठरवताना फोटो बघू नका. बघितलाच तर थंबनेल बघा, तेही चहा पिता पिता. मंडईचा मला जो फोटो हवा होता तो 'मंडई' टाकून मिळाला नाही. ठीक आहे, इमारत १८८६ साली उघडली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ती 'रे मार्केट' होती, म्हणून 'रे' टाकलं. एका इस्पितळातल्या एक्स-रे यंत्राच्या उद्घाटनाचे फोटो आले, हारतुऱ्यांसकट. 'पूना' टाकलं तर रेसकोर्सवरचे घोडे आले. शेवटी भलतंच काही शोधताना तो सापडला, 'चर्च व इतर प्रार्थनास्थळे' या वर्गात, 'स्थळ अनोळखी' या उपवर्गात. का? तर वर टोकदार मनोरा आहे, कमानी आहेत. झालं चर्च! खाली कॅप्शन: 'पायऱ्यांवर बसलेले भाविक'. मी फोटो मोठा करून बघितला. भाविकांपैकी एका बाईच्या पुढ्यात टोपली आहे, टोपलीत वांगी आहेत आणि तिच्या हातात तागडी आहे. एक पारडं खाली गेलंय. समोरचा फेटेवाला भाविक वाकून पारड्याकडे बघतोय, कारण त्याला वजनाचा संशय आहे. प्रार्थना जोरात चालली आहे.

(या इमारतीवरच्या खर्चाला महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता आणि पुढे तिला नाव त्यांचंच दिलं गेलं. पुण्यात हे चालायचंच. पण निदान चर्च तरी कुणी म्हटलं नव्हतं.)

सालाच्या बाबतीत सढळ राहा. '१८५० ते १९५०' लिहिलं की चूक काढायची कुणाची टाप नाही. किंवा उलट करा, अगदी नेमकं साल ठोकून द्या. व्हीटी स्टेशनच्या पूर्ण झालेल्या इमारतीचा फोटो १८७५ साली टाका. इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये संपलं हे फोटोला थोडंच ठाऊक असतं? समोर महापालिकेची इमारत उभी दिसत असेल, म्हणजे १८९३च्या नंतरचा काळ असेल, तरी डगमगू नका. रस्त्यावर ट्रामच्या विजेच्या तारा दिसत असतील, म्हणजे १९०७ उलटून गेलं असेल, तर त्या पतंगाच्या मांज्यात मोजा.

स्पेलिंग एकच ठेवू नका. पुणे, पूना, पूनाह, पुना: चौघांचे चार वर्ग, आणि एकातून दुसऱ्यात जायला वाट नको.

'मुंबई' हा वर्ग 'पश्चिम भारत'मध्ये, 'पश्चिम भारत' हा 'बंदरे'मध्ये आणि 'बंदरे' हा 'मुंबई'मध्ये ठेवा. माणूस गरगरत राहतो.

काचेच्या निगेटिव्ह उलट्या बाजूनं स्कॅन करा. राजाबाई टॉवर भलत्या अंगाला गेला तरी कुठे पडणार आहे!

'संकीर्ण' हा वर्ग सगळ्यात मोठा असलाच पाहिजे.

आता 'अज्ञात' या वर्गाकडे वळू. हा वर्ग फार काळजीनं जोपासावा लागतो. एका फोटोत व्हरांड्यात टोपीवाला साहेब खुर्चीत बसलाय, मागे आणि पायाशी मिळून डझनभर माणसं आहेत. साहेबाला त्याच्या नावाचा वर्ग, पलटणीचा वर्ग, हुद्द्याचा वर्ग. कुत्र्यालासुद्धा 'कुत्रे' हा वर्ग मिळालाय. बाकीच्यांना 'नेटिव्ह नोकर, अज्ञात'. हे कुणी गोऱ्यानं १८९०मध्ये लिहिलेलं नाही बरं का, हे आपल्याकडच्या पगारी माणसानं आत्ता टाईप केलंय. आणि फोटो काढणारा? तोही अज्ञात, जर तो इथला असेल तर. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी, पेशानं डॉक्टर, त्या काळात तिथे फोटो काढत होते. हरिश्चंद्र चिंतामण यांचा मुंबईत स्टुडिओ होता. लाला दीनदयाळांनी पुढे मुंबईत स्टुडिओ थाटला. ही माणसं काही गुहेत बसून चोरून फोटो काढत नव्हती. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या जुन्या फोटोंच्या मागच्या बाजूला बघा, स्टुडिओचं नाव आणि पत्ता नक्षीदार अक्षरांत छापलेला असतो, खाली मिळालेल्या पदकांची चित्रं असतात. कधी शाईनं कुणीतरी लिहिलेलं असतं: कोण, कुठे, कुणाच्या लग्नातला. पण मागची बाजू स्कॅन करायची नसते! कंत्राट नगावर असतं, मागच्या बाजूचे पैसे कोण देणार? बोर्न अँड शेफर्ड या जुन्या फोटो कंपनीसारख्या मंडळींनी निगेटिव्हवरच, अगदी खालच्या कडेला, नंबर आणि सही कोरून ठेवली. दीडशे वर्षं ती सही टिकली. तुमच्या कंत्राटदारानं फोटो 'स्वच्छ दिसावा' म्हणून कड कापली आणि तिथे संस्थेचा वॉटरमार्क ठोकला. म्हणजे ज्यानं जड सामान खेचरांवर लादून, काळ्या तंबूत रसायनांनी बोटं काळी करून फोटो काढला त्याची सही केराच्या टोपलीत, आणि ज्यानं स्कॅनरचं झाकण उघडमीट केली त्याचा शिक्का साहेबाच्या नाकावर. मग खाली लिहायचं: 'छायाचित्रकार: अज्ञात'. अज्ञात कसा? तुम्ही केलात ना त्याला अज्ञात!

असो. सल्ला देत होतो.

जुन्या लिंका मारायला विसरू नका. संकेतस्थळाचं नवं रूप आलं की जुना प्रत्येक पत्ता मेलाच पाहिजे, नाहीतर नूतनीकरण झालं हे कळणार कसं?

दुरुस्ती कळवायची सोय जरूर ठेवा, पण जरा अडथळ्याची. मी मंडईबद्दल कळवलं. फॉर्म भरला, रस्त्यावरचे सिग्नल निवडून मी यंत्रमानव नसल्याचं सिद्ध केलं. उत्तर आलं: 'कृपया दाव्याच्या पुष्ट्यर्थ संबंधित इमारतीचे छायाचित्र जोडावे.'

आणि सगळ्यात आधुनिक उपाय: टॅग लावायचं काम यंत्रावर सोडून द्या. यंत्र थकत नाही, बोनस मागत नाही. घोड्याच्या ट्रामला ते 'बस' म्हणतं, पगडीला 'केक' म्हणतं, आपण हसतो. त्याच संग्रहात प्लेगच्या वेळचे फोटो आहेत. रांगेत उभी केलेली माणसं, शेजारी गोरे सोजीर, घरातलं सामान रस्त्यावर आणून टाकलेलं, एक म्हातारी गाठोड्यावर बसलेली. यंत्राचे टॅग: 'समूह, मैदानी कार्यक्रम, आनंद'.

आनंद.

आता उपरोध पुरे. १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगनं आणि त्याच्या तपासणीनं लोकांचं काय झालं हे इथल्या शाळकरी पोराला ठाऊक आहे. तो फोटो 'आनंद' या शब्दाखाली जाहीर करताना तुमच्यातल्या एकानंही तो उघडून बघितला नाही? एकानंही? माणसं कमी आहेत, पैसा कमी आहे, हे सगळं मान्य. पण उद्घाटनाच्या शालींना पैसा होता. वॉटरमार्कला होता.

आमच्या घरात साखरेच्या डब्यावर 'हळद' लिहिलेलं असलं तरी चालतं, कारण आईला माहीत असतं. तुमच्या संग्रहात हे माहीत असलेलं माणूस कोण? कंत्राटदार तर बिल घेऊन कधीच गेला.

बरं, हे काम तुम्हाला एकट्यानं करायचंही नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २००८ साली तीनेक हजार जुने फोटो फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर टाकले आणि लोकांना ओळखायला सांगितले. लोकांनी जागा ओळखल्या, माणसं ओळखली, तारखा लावल्या. संस्थेच्या माणसांनी ते तपासलं आणि शेकडो नोंदी सुधारल्या. आपल्याकडे तर गल्लोगल्ली असे लोक पडले आहेत. पुण्यात एखाद्या वाड्याचा नुसता जिना दाखवा, चौघं भांडायला लागतील की हा कुठला, आणि भांडणातून उत्तर निघेल. फुकट.

पुठ्ठ्याची मागची बाजू स्कॅन करा. कड कापू नका. कुठला, अंदाजे कधीचा, कुणी काढला, एवढ्या तीन गोष्टी लिहा आणि अंदाज कशावरून केला ते एका ओळीत लिहा. येत नसेल तर 'ठाऊक नाही' लिहा, त्यात कमीपणा नाही. 'चर्च' लिहिण्यात आहे. आलेल्या दुरुस्त्या वाचायला पगारी माणूस बसवा, आणि त्याला आधी एकदा मंडईत पाठवा. पिशवी देऊन.