पाचला उठा म्हणे!

रंकाळ्यावर चालायला जावं, तर शेजारच्या माणसाच्या फोनवर स्पीकर मोठा करून तेच ‘आयुष्य सुधारा’वाले पॉडकास्ट सुरू. उद्देश शोधा, पाचला उठा, स्वतःला बदला. दोन-दोन तासांच्या मुलाखती, आणि पाहुणे कायम कंपन्या काढलेले! लई झालं आता.

माझा भाऊ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत रात्रपाळी करतो. सकाळी सातला घरी येतो, नखांत काळी वाळू, डोळे तांबडे. आई खिडकीला चादर अडकवते, तोवर खाली भांडीवाला ओरडायला लागतो. त्यानं पाचला उठायचं म्हणजे नेमकं काय करायचं? दिवसा झोप कशी मिळवायची, हे त्या दोन तासांत एकदा तरी विचारा की! पाळीवाल्यांचं शरीर काय दगडाचं असतं?

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. एका वाक्यात संपलं. त्याच्यापुढं त्या मुलाखतींत सगळं ‘मी कसा घडलो’.

आणि उद्देशाचं म्हणाल, तर माझ्या भावाला बहिणीचं बीएस्सी पूर्ण करायचंय. तो कुणाला शोधून द्यायला लागला नाही. त्याला फक्त सहा तास सलग झोप पाहिजे.