मागच्या सीटवरचे शेठ

सोमवारी सकाळी गाडीने ‘टक्’ एवढाच आवाज केला आणि ती गप्प बसली. शेजाऱ्यांच्या गाडीला वायरी जोडून बॅटरी उठवली. शेजारी भले गृहस्थ. म्हणाले, “दोन रात्री आत काहीतरी जांभळं दिसत होतं. म्हटलं, तुमची खासगी बाब असेल.”

खासगी बाब! मला फक्त अंधारात सीटबेल्टचं बक्कल सापडायला हवं होतं. रोज रात्री मी सीटच्या फटीत हात घालून चाचपडतो आणि हाताला काय काय लागतं ते सांगण्यासारखं नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, आत एक मंद पिवळसर दिवा लावून द्या.

दिवा मिळत नाही, पट्ट्या मिळतात. त्या मोबाइलवरून चालतात. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या, म्हणजे गुणाकार करून १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग. मला नावानिशी ओळखू येणारे रंग अकरा, आणि त्यातल्या मोरपंखीवरून घरात अजून वाद आहे.

फिटिंग करणारा पोरगा डॅशबोर्डखाली आडवा झाला होता, तेवढ्यात मागचं दार उघडून एक गृहस्थ आत बसले. करडी सफारी, काखेत पाऊच. “दार लावून घेतो, बाहेरच्या उजेडात रंग कळत नाही,” म्हणाले. एवढ्या हक्काने बसले म्हणजे दुकानाचे शेठच असणार. मी सावरून बसलो.

“कुठला रंग ठेवू?” पोराने खालून विचारलं.

“पिवळसर,” मी.

“पिवळा?” मागून आवाज आला. “गाडी आहे का गोदाम?”

पोराने पिवळा घालवला.

मी वाचून गेलो होतो. सांगायला लागलो की, रात्री लाल-पिवळ्याकडे झुकणारा मंद उजेड बरा. डोळ्यातल्या ज्या पेशी अंधारात काम करतात त्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे काळोखाला सरावलेली नजर मोडत नाही. एकदा मोडली की पुरती परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून तर पाणबुडीत रात्री लाल दिवे लावायचे.

“तुम्ही पाणबुडी चालवता?”

“नाही.”

“मग?”

या ‘मग’ला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

“निळा दाखव रे यांना,” शेठ म्हणाले. निळा लागला. माझे गुडघे निळे झाले. या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लाल-हिरवे एलईडी आधीपासून होते, पण निळ्यावाचून पांढरा उजेड जमत नव्हता. तो जमला आणि जगाची केवढी तरी वीज वाचली. माझी गेली, ती गोष्ट वेगळी.

मी धीर करून म्हटलं, “ही दारावरची पट्टी काचेत उमटतेय. बाहेरचा आरसा बघायला जावं तर मधे निळी रेघ दिसते.”

“सवय होते,” शेठ म्हणाले. ज्यांना त्या आरशात कधीच बघायचं नसतं तेच हे वाक्य इतक्या शांतपणे म्हणू शकतात. मग पुढे वाकून, माझ्या खांद्यावरून हात घालून त्यांनी माझ्याच मोबाइलवर बोट फिरवलं आणि गाडी जांभळी केली. “हां! आता गाडीत बसल्यासारखं वाटतंय. आणि चावी काढली तरी हे चालू राहायला हवं. माणूस येईल तेव्हा स्वागत नको?”

पोराने निमूट फ्यूजबॉक्समधली वायर एका ठिकाणची काढून दुसरीकडे खोचली. मी बघत होतो. बोललो नाही. दुकानात शेठशी कोण वाद घालणार? निघताना वर “येतो शेठ” म्हणालो. तेही “या, या” म्हणाले.

कंपनीतून येणारे असले दिवे गाडी बंद केली की थोड्या वेळाने आपोआप विझतात. माझे प्रामाणिक निघाले. तळघरातल्या पार्किंगमध्ये रविवारभर कोणी येणार नाही हे त्यांना कोण सांगणार? पट्ट्या ओढतात साधारण एक अँपिअर, तास झाले छत्तीस, बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, तीही जुनी. चौथीतल्या पोराला येईल असं गणित.

तणतणत दुकानात गेलो. “चावी काढल्यावरही चालू राहील अशी वायर कोणी जोडायला सांगितली?”

“तुमच्या काकांनी,” पोरगा म्हणाला.

“माझे काका? ते तुमचे शेठ ना?”

शेठ गल्ल्यावर बसले होते. निळा टी-शर्ट, वय फार तर तिशी. त्यांनी आठवून सांगितलं की सफारीवाले सीटकव्हर बदलायला आले होते, त्यांची गाडी तयार व्हायची होती, तोवर वेळ जात नव्हता. “आम्हाला वाटलं, तुमच्यासोबत आहेत.”

वायर परत जागेवर लावायचे वेगळे पैसे घेतले. आणि पट्टी डॅशबोर्डखाली असल्यामुळे उजेड पडतो बुटांवर. बक्कल अजून चाचपडूनच लावतो.

पोरगा बाहेर येत म्हणाला, “झालं. रंग कुठला ठेवू?”

“पिवळसर.”

तो थबकला. “काकांना चालेल?”