‘दोघेही रिकाम्या हातांनीच आले होते’: एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी मंडळींत सध्या एक मजकूर फार फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: टोरंटोत मॅसिडोनियन आले, जमैकनही आले. दोघेही गरीब, दोघेही रिकाम्या हातांनी. मॅसिडोनियनांनी कत्तलखान्यांत राबून पैसा गाठीला बांधला, हॉटेलं काढली, घरं घेतली. जमैकन मात्र अजून भाड्याच्या टॉवरमध्ये. शहर तेच, संधी तीच. फरक संस्कारांचा, काटकसरीचा आणि कुटुंबाचा. तेव्हा भेदभावाचं रडगाणं पुरे. शेवटी हात जोडलेली इमोजी आणि ‘आपणही यातून शिकावं’.

मॅसिडोनियनांबद्दल यात जे लिहिलंय ते बरंचसं खरं आहे, हे आधी मान्य करून टाकतो. बाल्कन भागातल्या मॅसिडोनियातला १९०३ चा इलिंदेनचा उठाव ऑटोमन (तुर्की) फौजांनी चिरडला, गावं जाळली, आणि त्यानंतर कोस्तुर-लेरिन भागातली माणसं टोरंटोला येऊ लागली. (हा मुलूख आज ग्रीसमध्ये आहे, नकाशावर कास्तोरिया आणि फ्लोरिना म्हणून शोधा.) कत्तलखाने, कातडी कमावण्याचे कारखाने, ओतशाळा, म्हणजे जिथे दुसरं कुणी टिकत नसे तिथली कामं त्यांच्या वाट्याला आली. एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचं, रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच अंथरुणावर. ओश्चिमा, झेलेवो अशा एकेका गावाची मदतमंडळं १९०७ च्या सुमारास उभी राहिली आणि १९१० मध्ये सिरिल-मेथोडी या संतांच्या नावाचं चर्च. कोकणातल्या गावांनी गिरणगावात खोल्या घेऊन आपापली मंडळं चालवली, तसाच हा प्रकार. या कष्टांबद्दल माझा काहीच वाद नाही. वाद सुरू होतो तो पुढच्या वाक्यापासून.

‘शहर तेच, संधी तीच’

शहर तेच, पण साल? मजकुरात एकही साल नाही, आणि ते विसरून राहिलंय असं मला वाटत नाही.

कॅनडाच्या १९१० च्या कायद्याने सरकारला असा अधिकार दिला होता, की देशाच्या हवामानाला किंवा गरजांना ‘न मानवणाऱ्या’ कोणत्याही वंशाला मज्जाव करता येईल. १९११ मध्ये तर कृष्णवर्णीयांना वर्षभर पूर्ण बंदी घालणारा आदेश मंत्रिमंडळाने मंजूर केला. तो अमलात आला नाही, पण त्याच्यावाचूनही काम भागत होतं. आडकाठी घालायला साधे कारकून पुरेसे होते. मॅसिडोनियनांसाठी काही पायघड्या घातलेल्या नव्हत्या. १९२० च्या दशकात आग्नेय युरोपातले लोक सरकारच्या नावडत्या यादीतच होते. नावडतीचं मीठ अळणी असेल, पण तिला घरात तरी घेतलं होतं. जमैकन माणसासाठी दार जवळजवळ बंद होतं. त्या काळात आत आलेले थोडे कृष्णवर्णीय पुरुष बहुतेक रेल्वेत शयनयानाचे हमाल-सेवक म्हणून राबले, कारण दुसरीकडे कुणी घेत नसे.

एप्रिल १९५४ मध्ये डोनाल्ड मूर या बार्बाडोसहून आलेल्या कार्यकर्त्याच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ ओटावाला गेलं आणि स्थलांतराचा वंशभेदी कायदा बदला असं सांगून आलं. हमालांच्या संघटनेतले स्टॅन्ली ग्रिझल त्यात होते. त्यांचे आईवडील जमैकाचे. पुढच्या वर्षी सरकारने दार किलकिलं केलं, तेही स्वयंपाकघराच्या बाजूचं. १९५५ च्या घरकामगार योजनेत पहिल्या खेपेला १०० स्त्रिया घेतल्या, ७५ जमैकाच्या आणि २५ बार्बाडोसच्या. अविवाहित हव्यात, मूलबाळ नको, वर्षभर गोऱ्या घरांत काम केलं की मग कायमचं राहता येईल.

वंशाची अट नियमांतून निघाली १९६२ मध्ये, आणि गुणपद्धती, म्हणजे शिक्षण, कसब, भाषा यांना गुण देऊन माणसं निवडणं, आली १९६७ मध्ये. आपली मराठी माणसंही मोठ्या संख्येने याच गुणपद्धतीच्या दारातून आत आली. जमैकनांची मोठी लाट १९७० च्या दशकातली. म्हणजे मजकूर तुलना करतोय ती बहुतेक पहिल्या महायुद्धाआधी पाय रोवलेल्यांच्या नातवंडांची, आणि दोन पिढ्यांनंतर विमानातून उतरलेल्यांची.

मधल्या साठ वर्षांत शहर जागेवर थांबलं नव्हतं. १९१०-२० मध्ये टोरंटोच्या पूर्व भागातली जुनी घरं स्वस्त होती, कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता, आणि घरात भाडेकरू ठेवून कर्ज फेडता येत होतं. १९७० नंतर कारखाने शहराबाहेर सरकू लागले. १९८० च्या दशकाच्या शेवटी घरांच्या किमती भडकल्या आणि १९९० च्या मंदीने ओंटारिओतल्या कारखान्यांचं कंबरडं मोडलं. नव्याने आलेल्यांना परवडणारी भाड्याची घरं होती ती जेन-फिंचसारख्या उपनगरी टॉवरांत, जिथून कामाला जायचं तर दोन बस बदला. ज्या कामांच्या जोरावर आधीच्यांनी घरं बांधली, ती कामंच आटत चालली होती.

‘दोघेही रिकाम्या हातांनी’

घरकामगार योजनेतल्या स्त्रियांत शिक्षिका होत्या, कारकून होत्या, टंकलेखन शिकलेल्या होत्या. टोरंटोत त्यांना फरशी पुसायला लावलं. याच योजनेतून १९६० मध्ये आलेल्या जीन ऑगस्टिन पुढे १९९३ मध्ये कॅनडाच्या संसदेत निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. त्या ग्रेनेडाच्या, जमैकाच्या नव्हेत; पण दार तेच, अटी त्याच. तेव्हा हात रिकामे होते हे विधान उलटं आहे. शेतकरी मॅसिडोनियनाला त्याच्या अंगच्या कसबाच्या आसपासचं काम मिळालं, शिकलेल्या जमैकन बाईला तिच्या शिक्षणाच्या कितीतरी खालचं. वेस्ट इंडीजमधली पदवी, तिथला अनुभव मालकांनी मोजायलाच नकार दिला. हे दुःख इथल्या मराठी इंजिनियर-डॉक्टरांना समजावून सांगायला लागू नये.

‘काटकसर’

जमैकन माणूस साठवत नाही म्हणणाऱ्याने ‘पार्टनर’बद्दल ऐकलेलं नाही. ही सरळसरळ आपली भिशी. दर आठवड्याला किंवा महिन्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची, तिला ‘हँड’ म्हणतात. पाळीपाळीने एकाला सगळी रक्कम, तो ‘ड्रॉ’. आणि हिशेब ठेवणारी, बहुधा बाईच, ती ‘बँकर’. लिहून काही नाही, सगळा कारभार शब्दावर. बँका जवळ करत नव्हत्या तेव्हा लंडनला काय आणि टोरंटोला काय, कित्येक घरांची पहिली रक्कम अशीच उभी राहिली.

शिवाय कमाईचा वाटा मायदेशी जातो. परदेशातून येणारा पैसा हल्लीच्या काही वर्षांत जमैकाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहिला आहे. टोरंटोतल्या नर्सने किंग्स्टनला आईचं छप्पर घातलं, भावाची फी भरली, तर ती उधळी ठरते काय? तिच्या इथल्या खात्यात शिल्लक कमी दिसेल, एवढंच.

आणि धंदे? एग्लिंटन वेस्टवरचा ‘लिटल जमैका’ हा भागच छोट्या धंद्यांवर उभा राहिला: न्हाव्यांची दुकानं, रेकॉर्डची दुकानं, पॅटीची दुकानं. १९८५ मध्ये सरकारी निरीक्षकांनी टोरंटोतल्या पॅटीवाल्यांना बजावलं की पिठाच्या आवरणात सारण भरलेल्या पदार्थाला ‘बीफ पॅटी’ म्हणायचं नाही, नियमाप्रमाणे पॅटी म्हणजे नुसत्या मांसाची वडी. बराच गदारोळ होऊन शेवटी ‘जमैकन पॅटी’वर तोड निघाली. हे हसण्यावारी नेता येईल. पण २०११ मध्ये याच रस्त्यावर नव्या रेल्वेमार्गाचं खोदकाम सुरू झालं आणि दशक उलटलं तरी संपेना. पत्र्यांच्या आड दुकानं दिसेनाशी झाली, गिऱ्हाईक तुटलं, कितीतरी शटर कायमची खाली आली. त्यांतल्या कुणाची काटकसर कमी पडली होती?

‘कुटुंब’

हा भाग मला सगळ्यात खटकला. मॅसिडोनियन गावांत ‘पेचालबा’ म्हणून जुनी रीत होती: पुरुषाने परमुलखात जाऊन कमवायचं, बायको-मुलं वर्षानुवर्षं गावी. १९१० चं मॅसिडोनियन टोरंटो म्हणजे जवळजवळ निव्वळ पुरुषांची वस्ती. त्याला आपण ‘कुटुंबासाठी केलेला त्याग’ म्हणतो. जमैकन आई मूल आजीकडे ठेवून टोरंटोत राबली, की तेच ‘मोडकं कुटुंब’.

शिवाय तिला मूल मागे ठेवायला लावलं होतं ते सरकारने. मूलबाळ नको ही अट होती, म्हणून काहींनी अर्जात मुलांचा उल्लेखच केला नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी अशा सात जमैकन मातांनी मुलांना बोलावून घ्यायचं म्हटलं, तेव्हा माहिती लपवली म्हणून त्यांच्यावर हद्दपारीची पाळी आली. मोठं आंदोलन झालं तेव्हा कुठे १९७९ मध्ये सरकार नमलं.

‘आकडेच बोलतात’

कोणते आकडे? २०१६ च्या जनगणनेत जमैकन मूळ सांगणारे ३ लाखांहून थोडे अधिक, मॅसिडोनियन मूळ सांगणारे ४३ हजारांच्या आसपास. दुसऱ्या आकड्याला तर भोकंच भोकं. सुरुवातीला आलेल्यांची नोंद कधी तुर्क, कधी बल्गेरियन, कधी ग्रीक अशी झाली. नावं बदलली, लग्नं बाहेर झाली, आणि नातवंडं स्वतःला नुसतं कॅनेडियन म्हणवू लागली. बाल्कन युद्धांच्या आगेमागे कितीतरी जण परत गेले. ज्यांना जमलं नाही तेही त्यांत होते. जे टिकले त्यांच्याकडे बोट दाखवून ‘सगळेच टिकले’ म्हणणं सोपं असतं.

संस्कार बोटीत चढतात का?

खरी कसोटी इथे आहे. फरक संस्कारांचा असेल तर तीच माणसं दुसऱ्या देशात गेल्यावरही तसाच निकाल दिसायला हवा.

जमैकन अमेरिकेत गेले. तिथे थॉमस सॉवेल या अर्थतज्ज्ञाने १९७० च्या दशकात नेमका उलटा युक्तिवाद केला: बघा, वेस्ट इंडीजचे कृष्णवर्णीय किती काटकसरी, किती कष्टाळू, किती यशस्वी, मग अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाचं कारण सांगू नये. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये जो जमैकन आदर्श म्हणून दाखवला गेला, तोच टोरंटोत आळशी म्हणून दाखवला जातोय. समाजशास्त्रज्ञ सुझान मॉडेल यांनी नंतर हे ताडून पाहिलं. त्यांना असं आढळलं की वेस्ट इंडीजच्या लोकांची तुलना घरी राहिलेल्यांशी न करता, स्वतःच्या देशातच स्थलांतर केलेल्या अमेरिकी कृष्णवर्णीयांशी केली तर तो गाजलेला फरक जवळपास उरतच नाही. घर सोडून निघणारा माणूस कुठलाही असो, तो आधीच निवडलेला असतो.

आता मॅसिडोनियन घ्या. ते ऑस्ट्रेलियातही गेले, मेलबर्नला आणि वुलनगाँगजवळच्या पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या कारखान्यातल्या हजारो नोकऱ्या गेल्या. त्याआधीच, १९८० मध्ये, स्थलांतरित स्त्रियांनी, त्यांत मॅसिडोनियनही होत्या, कंपनी आम्हाला कामावरच घेत नाही म्हणून तक्रार केली. तो लढा १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन जिंकला. ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेत मॅसिडोनियात जन्मलेल्यांचं मध्यक उत्पन्न (म्हणजे बरोबर मधल्या माणसाचं) देशाच्या मध्यकापेक्षा कमीच दिसत आलंय. त्यांचं वय जास्त, इंग्रजी कच्ची, कारखाने बंद, अशी कारणं आपण लगेच शोधतो, आणि ती बरोबरच आहेत. मग जमैकनांबद्दल बोलताना कारणं शोधायची थांबवून थेट रक्तातल्या गुणांवर का यायचं?

‘स्टाव्रोंचं उदाहरण पाहा’

मजकुरात किराणासम्राट स्टीव्ह स्टाव्रो येतात. कोस्तुर भागातल्या गाब्रेश गावी जन्म, वडिलांचं टोरंटोत किराणा दुकान, पुढे ‘नॉब हिल फार्म्स’ची मोठमोठी दुकानं आणि मेपल लीफ्स हॉकी संघाची मालकी. छान. मग पोर्ट अँटोनिओचे मायकेल ली-चिन यांचंही नाव हवं होतं. १९७० मध्ये शिकायला आले, अब्जाधीश झाले आणि २००३ मध्ये रॉयल ओंटारिओ म्युझियमला ३ कोटी डॉलर दिले. एकेक माणूस दाखवून समाज सिद्ध करायचा खेळ दोन्ही बाजूंनी खेळता येतो.

‘रडगाणं’

टोरंटोतलेच अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी हजारो बनावट अर्ज कंपन्यांना पाठवले होते. शिक्षण, अनुभव सारखा. फक्त नाव बदललेलं. इंग्रजी नावाच्या अर्जदारांना भारतीय, पाकिस्तानी आणि चिनी नावांपेक्षा साधारण ४० टक्के जास्त बोलावणी आली. ‘आपणही यातून शिकावं’ असं लिहिणाऱ्याने हे आधी वाचावं.

राहता राहिली ‘संधी तीच’. १९६६ मध्ये ओंटारिओच्या शेतांवर २६४ जमैकन मजूर हंगामी योजनेतून आले. ती योजना आजही चालू आहे. मजुराच्या पगारातून बेकारी विम्याचा हप्ता कापला जातो. हंगाम संपला की त्याला परत पाठवलं जातं आणि घरी बसून नेहमीचा बेकारी भत्ता मागता येत नाही. वीस हंगाम काम केलं तरी त्या जोरावर कायमचं राहता येत नाही. १९१० मध्ये ओतशाळेत लागलेला मॅसिडोनियन मुकादमाशी भांडून दुसऱ्या दिवशी शेजारच्या कारखान्यात जाऊ शकत होता, पैसे साठले की कोपऱ्यावर हॉटेल काढू शकत होता. नायगाराच्या बागेत काम करणाऱ्या जमैकन मजुराला मालक बदलायचा तर मालकाची आणि सरकारची संमती लागते, आणि हॉटेल काढायला त्याच्या परवान्यात जागाच नाही.